धूर दिसला की लगेच बोअर?

सोलापुरात जुन्या बुलेट, जावा, येझदी अजूनही रस्त्यावर दिसतात. त्यांतली एखादी धूर मारायला लागली की गल्लीतला सल्ला ठरलेला असतो: ‘बोअर गेला, हाफ इंजिन करून घ्या.’ हाफ इंजिन म्हणजे क्रँकला हात न लावता हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह यांचं काम. काम आवाक्यातलं आहे. पण म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्या गाड्यांचे मूळ ब्लॉक आता उरलेत तेवढेच, आणि मशिनवर एकदा कापलेलं बीड परत भरून येत नाही. म्हणून बोअर करण्याआधी धूर नेमका कुठून येतोय हे शोधायला हवं.

जुन्या बीडाच्या इंजिनच्या बुलेटमध्ये ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच, वेगळ्या कप्प्यात असते. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की पंपातून ऑइल झिरपून क्रँकच्या तळाशी जमतं. किक मारली की धुराचा लोट उठतो आणि पंपाने ते ऑइल परत ओढून नेलं की आपोआप थांबतो. यात बोअरचा काही दोष नसतो. थ्रॉटल बंद करून उतार उतरलात आणि पुन्हा पीळ दिल्यावर निळा धूर आला, तर संशय आधी व्हॉल्व्ह गाइडवर घ्यावा. सतत, भार पडेल तसा वाढणारा निळा धूर असेल, तर मात्र रिंगा आणि बोअर तपासायलाच हवेत.

टू-स्ट्रोक जावा-येझदीची गोष्ट वेगळी. क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं की इंजिन तिकडचं ऑइल ओढून जाळतं. धूर दाट होतो, आणि खूण म्हणजे त्या बाजूच्या ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो. ‘नवा पिस्टन टाकूनही गाडी पुन्हा सीझ झाली’ ही तक्रार असेल, तर ही सीलं आधी बघावीत. वरचं काम कितीही सुबक केलं तरी खालून येणारी हवा ते वाया घालवते.

बोअर खरंच गेलाय का, हे बोटाने चाचपून कळत नाही. ब्लॉक सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे परतते तिथे सर्वांत जास्त झिजतो, आणि तिच्या वर न झिजलेला काठ उरतो. त्यामुळे माप तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी पुढे-मागे आणि आडवं असं दोनदा घ्यायचं. काठ न काढता जुन्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या, तर वरची रिंग त्या काठावर आपटून तुटू शकते. बोअर मर्यादेत असेल तर काठ काढून, होनिंगने भिंतीची चकाकी घालवावी आणि मग नव्या रिंगा टाकाव्यात. एकेक रिंग मोकळ्या ब्लॉकमध्ये ठेवून पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकलायची आणि तोंडाच्या फटीत फिलर गेज घालायचा. बुलेटच्या ७० मिमी बोअरला ही फट साधारण पाव मिमीच्या आसपास लागते. फट फारच कमी असेल तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि भिंत ओरबाडली जाते. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण तेच सर्रास टाळलं जातं याचं फार वाईट वाटतं. याच शहरात १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स देशोदेशींच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनवते. मायक्रॉनमध्ये मोजणारे हात सोलापूरला नवे नाहीत.

‘थेट एक मिमी मोठा करा, पिकअप वाढेल’ हाही असाच एक समज. बुलेटचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे सुमारे ३४६ सीसी. बोअर ७१ केला तर सुमारे ३५६ सीसी होतात. वाढ तीन टक्क्यांहूनही कमी, रस्त्यावर जाणवायचीसुद्धा नाही. आणि ०.२५ मध्ये भागत असताना एकदम एक मिमी गेलात तर मधल्या सगळ्या संधी संपल्या. पुढे स्लीव्ह टाकण्यावाचून इलाज नाही.

पिस्टन घट्ट बसला म्हणजे काम पक्कं, असंही पुष्कळांना वाटतं. ॲल्युमिनियम तापल्यावर बीडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ७० मिमीचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.१५ मिमी वाढतो. ब्लॉक तेवढाच तापला तरी ०.०८ च्या आसपासच. मेमध्ये इथला पारा ४२-४३ वर असतो आणि हवेने गार होणाऱ्या इंजिनला वाऱ्याचाही फारसा आधार उरत नाही. म्हणून पिस्टन आधी हातात घ्यावा, त्याचं माप काढावं आणि त्यात पुस्तिकेतला क्लिअरन्स मिळवून बोअर करावा. टू-स्ट्रोकमध्ये बोअरनंतर पोर्टच्या धारा हलक्या हाताने गोल कराव्या लागतात, नाहीतर रिंग त्यात अडकते. मशिनवरून ब्लॉक परत आला की पोर्टच्या कडेवरून बोट फिरवून बघा.

पेट्रोलमध्ये ऑइल जास्त घातलं की इंजिन सुरक्षित, हेही खरं नाही. जेटमधून ऑइल जास्त जातं तेव्हा पेट्रोल तितकं कमी जातं. मिश्रण पातळ होतं, कार्बनही साचतो. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, मग ४०च.

तांब्याचं हेड पॅकिंग लाल करून पाण्यात टाकलं की कडक होतं, ही भीती लोखंडावरून आलेली. तांबं तापवल्याने मऊ पडतं, मग पाण्यात गार करा की हवेत.

आता इथेनॉल. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे या विषयावर दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेरापटच्या आसपास. जुना कार्ब्युरेटर मात्र पूर्वीच्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो, म्हणून मिश्रण थोडं पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. इंजिन लगेच बिघडत नाही, पण हाफ इंजिन केल्यावर प्लगचा रंग पाहावा. पांढरट दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा लावावा. जुनी रबरं बदलावीत आणि गाडी उभीच राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, कारण इथेनॉल ओल ओढतं.

रनिंगमध्ये गाडी नुसती हळू चालवायची, हा समज सर्वांत चिवट. उभ्या गाडीवर तासभर इंजिन चालू ठेवलं किंवा एकाच संथ वेगात नेली तर रिंगा भिंतीवर बसत नाहीत, उलट भिंतीला चकाकी येते. भल्या सकाळी अक्कलकोटच्या रस्त्याला लागा. पीळ वाढवा, सोडा, पुन्हा वाढवा. वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडवू नका, वाटेत थांबून गार होऊ द्या. घरी आल्यावर इंजिन पूर्ण थंड झालं की हेडचे नट आडव्या-तिरप्या क्रमाने पुन्हा आवळायचे. बुलेट असेल तर टॅपेटही तेव्हाच लावायचे: व्हॉल्व्ह बंद असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.