दातांवरचे वय

घोड्याला पुढे वर सहा आणि खाली सहा दात असतात. सारंगखेड्याच्या बाजारात सौद्याची बोली सुरू होण्याआधी गिऱ्हाइकाची नजर या बारा दातांवर जाते. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर वसलेल्या या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी आणि लग्नाच्या वरातीत मिरवणारे पांढरे नुकरा घोडे राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरातेतून इथे येतात. चाल, उंची, रंग, कानांची ठेवण यांवर तासन्‌तास बोलणे चालते. अंगावरचा कोणता भोवरा शुभ आणि कोणता अशुभ, यावर दोन जाणकारांचे एकमत होणे अवघडच. दातांच्या बाबतीत वादाला तेवढी जागा नसते. ज्या जनावराला जन्माचा दाखला नाही, त्याचे वय निदान आठ वर्षांपर्यंत तरी तोंडात लिहिलेले असते.

तोंड उघडण्याची एक रीत आहे. तपासणारा समोरून जात नाही; डाव्या खांद्याशी उभा राहतो, एक हात मोरखीवर ठेवतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत घालतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. लगामाची लोखंडी सळई बसते ती हीच जागा. तिथे अंगठा दाबला की घोडा आपणहून जबडा उघडतो. जीभ बाजूने बाहेर घेतात, पण हिसका देत नाहीत. जीभ दुखावलेला घोडा पुढच्या वेळी तोंडाला हात लावू देत नाही.

दुधाचे दात लहान, पांढरे आणि हिरडीपाशी आवळलेले असतात. अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून कायमची येते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरते. त्यानंतर मोजायची ती झीज. कायमच्या दाताच्या माथ्यावर एक खळी असते आणि चाऱ्याच्या डागाने ती काळी दिसते. खालच्या जबड्यातल्या मधल्या जोडीची खळी सहाव्या वर्षी बुजते, शेजारची सातव्या, कडेची आठव्या वर्षी. पुढे दाताचा माथा लंबगोलाचा गोल आणि गोलाचा त्रिकोणी होतो, आणि बाजूने पाहिले तर वरचे-खालचे दात उभे न भेटता पुढे कलत जातात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीलगत एक तपकिरी उभी चीर दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. एकोणिसाव्या शतकात घोडे वळवणाऱ्या सिडनी गाल्व्हेन याच्या नावाने ती ओळखली जाते.

या हिशेबाला मर्यादा आहेत. रेताड जमिनीवर चरणाऱ्या किंवा गव्हाण चावण्याची खोड असलेल्या घोड्याचे दात लवकर झिजतात आणि तो आहे त्याहून म्हातारा दिसतो. उलटी लबाडीही जुनी आहे: झिजलेल्या दातावर नवी खळी कोरून ती डागाने काळी करायची, की बारा वर्षांचा घोडा सातचा होतो. खऱ्या खळीभोवती दंतवल्काचे पांढरे कडे असते. कोरलेल्या खळीला ते कुठून येणार? शिवाय दाताचा त्रिकोणी माथा आणि कललेला कोन कोणालाही लपवता येत नाही. दहा वर्षांपुढे मात्र अनुभवी पशुवैद्यही एकच आकडा सांगत नाही. ‘बारा ते पंधरा’ असे उत्तर मिळाले, तर तो प्रामाणिकपणा समजावा.

वय पाहून झाले की बाजार तोंड मिटतो, आणि खरी निगा राहून जाते ती दाढांची. घोड्याचे दात आयुष्याचा मोठा काळ हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि चघळण्याने तेवढेच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड झिजायची राहते. तिथे सुरीसारखी धार येते, गाल आणि जीभ कापली जाते. दिवसभर गवत चरणाऱ्या घोड्याचा जबडा आडवा फिरतो, त्यामुळे झीज बरी होते. दावणीला बांधून हरभरा आणि भुशावर पोसलेल्या घोड्यात हे दुखणे जास्त. त्याची खूण मालकाला न शिकताही दिसते: अर्धवट चघळलेल्या चाऱ्याचे ओले बोळे गव्हाणीखाली पडतात, शेणात अख्खे दाणे येतात, घोडा मान वाकडी करून खातो, लगाम लावताना डोके झटकतो. पुष्कळदा हा घोडा ‘आडमुठा’ ठरतो आणि त्याला चाबूक मिळतो.

इलाज म्हणजे कानस. घोड्याला गुंगीचे औषध देऊन तोंडात जबडा उघडा ठेवणारी लोखंडी चौकट बसवतात, पाण्याने तोंड धुतात आणि लांब दांड्याच्या कानशीने दाढांच्या धारा घासून बोथट करतात. दाढेचा माथा गुळगुळीत करायचा नसतो. तो खडबडीत राहिला तरच चारा दळला जातो. वर्षातून एकदा तपासणी पुरते, वाढत्या आणि म्हाताऱ्या घोड्याला सहा महिन्यांनी. सुळ्यांची गोष्ट निराळी. ते बहुधा नरालाच येतात, म्हणून त्याचे दात ४० भरतात आणि घोडीचे ३६. पहिल्या दाढेपुढे कधी एक बारका दात उगवतो, तो लगामाच्या सळईला अडतो आणि काढावा लागतो.

बैलाच्या तोंडात पुढे वरचे दातच नसतात. तिथे कठीण हिरडी असते आणि खाली आठ दात. त्यांच्या जोड्या साधारण दोन वर्षांपासून बदलत जातात आणि बाजारातली भाषा त्यावरच चालते: दात न बदललेला तो आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. शेळीला पहिली जोडी वर्षाच्या आसपास येते, म्हणून बकऱ्याच्या सौद्यातही ओठ वर करून पाहतात. गाईगुरांच्या दातांवर उपचार फारसा होत नाही. दात पडलेल्या म्हशीला कुट्टी करून मऊ चारा द्यायचा, एवढेच हाती असते. मात्र गाईगुरांच्या तोंडात पशुवैद्याला दातांपेक्षा महत्त्वाचे काही दिसते, ते म्हणजे रोग.

लाळ गळणारी गाय दारात आली की तीन-चार शक्यता एकदम समोर उभ्या राहतात. जिभेवर आणि हिरडीवर फोड, सोबत खुरांच्या बेचक्यात जखमा आणि ताप, तर लाळ्या-खुरकूत. सातपुड्यात उन्हाळ्यात आमचुरासाठी कैऱ्या सोलल्या जातात, त्या दिवसांत कोय गिळून घशात अडकलेली असू शकते; मग पोटही फुगते. तिसरी शक्यता पिसाळी रोगाची, म्हणजे रेबीजची, आणि धोका खरा इथे आहे. गुरांमधला रेबीज नेहमी कुत्र्यासारखा आक्रमक नसतो. गाय घोगऱ्या आवाजात सारखी हंबरते, गिळता येत नाही म्हणून लाळ गाळते, मागचा भाग लुळा पडतो. घरच्या माणसाला वाटते घशात काही अडकले, आणि तो कोपरापर्यंत हात घालतो. हातावर बारीकशी चीर असली तरी लाळेतला विषाणू तिच्यातून शिरतो. म्हणून कारण कळण्याआधी लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही, हा या व्यवसायातला पहिला धडा. हात गेलाच असेल तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करायची. लक्षणे दिसल्यावर हा रोग जनावरात किंवा माणसात बरा होत नाही.

घोड्यांच्या यात्रेत आणखी एका रोगावर नजर ठेवावी लागते: ग्लँडर्स. नाकातून चिकट पिवळा स्राव, कातडीखाली गाठींची माळ, त्या फुटून झालेले व्रण. काही जनावरांत लक्षणे नसतानाही जिवाणू असतो. एका हौदावर पाणी पिणारे शेकडो घोडे ही त्याला आयती सोय. हा रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. २००६ मध्ये तो महाराष्ट्रासह काही राज्यांत पुन्हा आढळला. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात आणि रोग पक्का ठरल्यास घोड्याला दयामरण द्यावे लागते. मालक गाठ लपवतो त्यामागे हे भय असते, आणि त्याला दोष देऊन ते जात नाही. नुकसानभरपाईची तरतूद आधी सांगितली तर तो ऐकून घेतो.

त्याच २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गुजरातच्या सीमेवरच्या नवापुरात, भारतातला पहिला बर्ड फ्लू पक्का झाला. कोंबड्या मरत होत्या, पण सुरुवातीला ती नेहमीची राणीखेत समजली गेली. दोन्ही रोगांत मरतुकीचे चित्र जवळजवळ सारखे असते, त्यामुळे ही चूक कुठेही होऊ शकते. निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत झाले. मग तीन किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारून पुरणे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवणे हे काम पशुसंवर्धन खात्याच्या पथकांनी अंगभर संरक्षक कपडे घालून केले. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तीच पाळी आली. २०२२ च्या लम्पीने गाईगुरांचे बाजार बंद पाडले. हा रोग माणसाला होत नाही, तो माश्या, डास आणि गोचिडांनी पसरतो, दूध उकळून प्यायला हरकत नाही, ही तीन वाक्ये त्या वर्षी गोठ्यागोठ्यांत सांगावी लागली.

आणि ती कोणत्या भाषेत सांगायची, हा नोकरीचाच भाग आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्यात पावरी किंवा भिली, नवापूरकडे मावची, तापीकाठी गुजर आणि अहिराणी. अनुसूचित क्षेत्रातली पशुसंवर्धनाची काही खालची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखीव असण्याचा हाही एक फायदा. शाळेतून निघालेल्या मुलापुढे दोन रस्ते असतात. एक पदवीचा: ‘नीट’ देऊन साडेपाच वर्षे, त्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. त्यासाठी नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ अशा ठिकाणी जावे लागते. पदवीनंतर राज्य परिषदेची नोंदणी आणि लोकसेवा आयोगाची पशुधन विकास अधिकारी पदाची परीक्षा. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. दुसरा रस्ता पदविकेचा; तो जिल्हा परिषदेच्या पशुधन पर्यवेक्षकाकडे जातो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करता येतात. प्रत्यक्षात डोंगरातल्या पाड्यावर देखरेख करणारा कित्येक किलोमीटर लांब असतो, आणि हा कायदा लिहिणाऱ्यांनी सातपुड्याचे घाट पाहिले असतील असे वाटत नाही.

जाहिरातीची वाट पाहण्याच्या मधल्या वर्षांत मिळेल ते काम धरतात: १९६२ क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या दवाखान्याची गाडी, कुक्कुटपालन कंपनी, औषधविक्री, दूध संघ. खासगी दवाखाना थाटणाऱ्याला पहिले उत्पन्न बहुधा दाखल्यांतून मिळते. घोडा गाडीत चढवून परराज्यात न्यायचा तर प्रवासाला धडधाकट असल्याचा दाखला लागतो. म्हशीचा विमा उतरवायचा तर कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, रंग, शिंगांची ठेवण, किंमत आणि वय लिहून सही करावी लागते. वयाचा रकाना भरण्याआधी नवा डॉक्टर बाही सारतो, हातमोजा चढवतो आणि म्हशीचा खालचा ओठ खाली ओढून जोड्या मोजतो.