अंबडचा हर्षद पिनकोड

अंबड एमआयडीसीच्या पत्त्यात ४२२०१० हा पिनकोड असतो. त्याचे अंक मिळवा: ४+२+२+०+१+०, म्हणजे ९. आता याच ९ ने पूर्ण संख्येला भागा. ४६८९०, बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. ते १९३० ते १९६२ इथून जवळच देवळालीत शाळामास्तर होते!

अवयव पाडले तर २ × ३⁴ × ५ × ५२१. यातली ५२१ मूळ संख्या, तिची पुढे फोड होत नाही. विभाजक एकूण ४०. स्वतःला वगळून त्यांची बेरीज ७१४९०६, संख्येहून बरीच जास्त, म्हणून ही ‘विपुल’सुद्धा.

शेजारच्या सिडकोचा ४२२००९ मात्र हुकतो: १७ ने भागल्यावर १ उरतो. तुमचा पिनकोड भागून पाहा.