जुळ्यांचे बाळंतपण : दुसरे बाळ कसे येणार?

जुळ्यांच्या गर्भारपणात प्रसूती योनीमार्गाने होऊ द्यावी की सिझेरियन करावे, हा प्रश्न पुष्कळ घरांत ‘जुळी आहेत म्हणजे सीझरच’ एवढ्यावर निकालात निघतो. वास्तविक त्याचे उत्तर दोन्ही बाळांची वार एक आहे की वेगळी, पहिले बाळ पोटात कोणत्या स्थितीत आहे आणि ते जन्मल्यानंतर दुसऱ्याला सुखरूप बाहेर आणण्याचे कसब व सोय त्या रुग्णालयात आहे की नाही, यांवरून ठरायला हवे. आणि यांतली शेवटची बाब सर्वांत निर्णायक असूनही तिच्याविषयीच सर्वांत कमी विचारले जाते.

वार म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला, आईच्या रक्तातून बाळाला प्राणवायू व पोषण पुरवणारा अवयव. दोन्ही बाळांना स्वतंत्र वार आणि गर्भजलाची स्वतंत्र पिशवी असेल तर सोनोग्राफीच्या अहवालावर ‘डीसीडीए’ असे लिहिलेले असते, वार एकच पण पिशव्या दोन असतील तर ‘एमसीडीए’. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या तपासणीत, दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथली त्याची जाडी पाहून हा भेद खात्रीने सांगता येतो, आणि पुढे गर्भ वाढत गेला की तो ओळखणे अवघड होत जाते. सामाईक वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे शंभरांतल्या साधारण दहा ते पंधरा अशा गर्भारपणांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जाऊ लागते आणि दोघांचाही जीव धोक्यात येतो. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी करावी लागते. अशी गुंतागुंत नसेल तर केवळ वार एक आहे म्हणून सिझेरियन आवश्यक ठरत नाही. वारही एक आणि पिशवीही एकच, ही दुर्मीळ स्थिती मात्र वेगळी आहे. तिथे दोन नाळा एकमेकींत गुंतण्याची भीती असल्याने बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान सिझेरियन करण्याचाच प्रघात आहे.

यानंतर पाहायचे ते पहिल्या बाळाचे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या जवळ असलेल्या बाळाचे डोके. साधारण पाचांपैकी चार जुळ्यांत ते खाली असते. पहिले बाळ पायाळू किंवा आडवे असेल तर बहुतेक तज्ज्ञ सिझेरियनच सुचवतात, आणि त्यामागच्या कारणांत एक अत्यंत विरळ पण भयंकर शक्यता अशी की पायाळू पहिल्याची हनुवटी डोके खाली असलेल्या दुसऱ्याच्या हनुवटीत अडकून दोघेही मार्गात खोळंबतात. दुसऱ्या बाळाची स्थिती मात्र आधी ठरवून फारसा उपयोग नसतो, कारण पहिल्याच्या जन्मानंतर जागा मोकळी होताच ते अनेकदा फिरते. आधीचे सिझेरियन, गर्भाशयमुखावर आलेली वार, फार कमी वजन किंवा पहिल्यापेक्षा दुसरे बरेच मोठे असणे, यांचा विचार प्रत्येकीच्या बाबतीत वेगळा करावा लागतो.

पहिल्याचे डोके खाली असताना दोन्ही मार्गांपैकी अधिक सुरक्षित कोणता, याचे आजवरचे सर्वांत भक्कम उत्तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, टोरांटोहून चालवलेल्या आणि २५ देशांतील १०६ केंद्रांवर झालेल्या अभ्यासाने दिले. बत्तीस ते अडतीस आठवडे पूर्ण झालेल्या २,८०४ गर्भवतींना, केवळ योगायोगाने गट पडतील अशा रीतीने, नियोजित सिझेरियन किंवा नियोजित योनीमार्गी प्रसूती नेमून देण्यात आली. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के आणि दुसऱ्यात १.९ टक्के भरले, म्हणजे नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. दोन वर्षांनी मुलांची वाढ तपासली तेव्हाही तो दिसला नाही. हा निष्कर्ष वाचताना त्याच्या अटी विसरून चालणार नाही. प्रसूती करणारे डॉक्टर जुळ्यांच्या बाळंतपणात अनुभवी होते आणि गरज पडल्यास अर्ध्या तासात सिझेरियन करण्याची तयारी त्या रुग्णालयांत होती. शिवाय योनीमार्गी प्रसूती ठरलेल्या गटातही ४३.८ टक्के स्त्रियांचे अखेरीस सिझेरियन झाले, आणि सुमारे चार टक्के स्त्रियांना पहिले बाळ खालून व दुसरे पोटातून, अशी दोन्ही बाळंतपणे एकाच दिवशी सोसावी लागली. हा आकडा गर्भवतीला आधीच सांगितला गेला पाहिजे. तो दडवून दिलेला धीर खरा धीर नव्हे.

फ्रान्समध्ये १७६ प्रसूतिगृहांतील सुमारे सहा हजार जुळ्या गर्भारपणांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात मात्र योनीमार्गी प्रसूती ठरवलेल्या स्त्रियांपैकी ८० टक्के स्त्रियांची दोन्ही बाळे त्याच मार्गाने जन्मली. तिथे कोणाला कोणता मार्ग द्यायचा हे डॉक्टरांनी निवडले होते, त्यामुळे दोन्ही अभ्यासांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही दुसऱ्या बाळासाठी वाट न पाहता लगेच हालचाल करण्याची फ्रेंच पद्धत या यशामागे आहे, असे मानायला जागा आहे.

ही हालचाल म्हणजे नेमके काय, हे गर्भवतीने व तिच्या घरच्यांनी समजून घेण्यासारखे आहे. पहिले बाळ जन्मले, त्याची नाळ चिमटा लावून कापली, की गर्भाशय काही काळ सैलावते आणि कळा मंदावतात. याच अवधीत वार सुटू लागणे, नाळ बाळाच्या आधी खाली सरकणे किंवा बाळ आडवे होणे हे धोके असतात, म्हणूनच दोघांपैकी दुसऱ्याची जोखीम जास्त. अनुभवी चमूत एक जण पोटावर दोन्ही हात ठेवून बाळाला उभे धरून ठेवतो, दुसरा सोनोग्राफीने डोके कुठे आहे ते पाहतो, ठोके सलग ऐकले जात असतात आणि कळा परत याव्यात म्हणून ऑक्सिटोसिनचे सलाइन चालू होते. डोके खाली असेल तर पिशवी फोडून बाळ येऊ देतात. ते आडवे किंवा वर असेल तर डॉक्टर हात आत घालून, पिशवी शाबूत असतानाच, बाळाचे पाऊल शोधतात. बोटांना टाच लागली की हा पाय आहे, हात नव्हे, याची खात्री होते, आणि मग पाय धरून बाळाला हळूहळू पायाळू स्थितीत बाहेर आणतात. हे सर्व सुसह्य व्हावे आणि सिझेरियनची वेळ आली तर खोळंबा होऊ नये, यासाठी कमरेतून दिलेली एपिड्युरल भूल आधीच चालू ठेवणे सोयीचे असते.

खंत वाटते ती अशी की हे कसब नव्या डॉक्टरांच्या हातून निसटत चालले आहे. एकट्या पायाळू बाळासाठी सिझेरियन बरे, असे सांगणारा मोठा अभ्यास २००० साली आल्यानंतर जगभर पायाळू बाळंतपणे योनीमार्गाने करणे झपाट्याने कमी झाले, आणि दुसऱ्या जुळ्यासाठी लागणारा सराव त्याच बाळंतपणांतून मिळत असे. भारतात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सरकारी संस्थांत १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के जन्म सिझेरियनने झाले. यातला सारा फरक नफ्याने पडतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकच प्रसूतितज्ज्ञ, बोलावल्यावर येणारे भूलतज्ज्ञ आणि दूर असलेली रक्तपेढी, अशा छोट्या प्रसूतिगृहात जुळ्यांचे नियोजित सिझेरियन हा पुष्कळदा प्रामाणिक आणि योग्य सल्ला असतो.

सिझेरियनला कमीपणा चिकटवणे जितके चुकीचे, तितकेच त्याला बिनधोक समजणेही. त्याने वेळ निश्चित होते, माणसे हाताशी राहतात आणि खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास पुढे थोडा कमी आढळतो. परंतु जंतुसंसर्ग व रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, टाके दुखत असताना दोन बाळांना आलटून पालटून अंगावर पाजावे लागते, आणि पुढच्या गर्भारपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची शक्यता प्रत्येक सिझेरियनगणिक वाढत जाते. गर्भाशय ताणले गेल्याने प्रसूतीनंतरचा रक्तस्राव जुळ्यांत दोन्ही मार्गांनी जास्त असतो, तेव्हा रक्ताची तयारी कोणत्याही बेतात हवीच. मुहूर्त साधण्यासाठी सिझेरियन आठवडाभर आधी उरकणे मात्र सर्वस्वी टाळावे. वैद्यकीय कारण नसताना वेगळ्या वारेची जुळी ३७ आणि एका वारेची ३६ आठवडे पूर्ण होण्याआधी बाहेर काढली तर श्वासाचा त्रास त्या बाळांना भोगावा लागतो.

पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाण्याची आपली रीत जुळ्यांच्या बाबतीत जपून पाळावी लागते, कारण निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात आणि ऐन वेळी रुग्णालयही नवे, डॉक्टरही नवे, अशी गत होते. नाव नोंदवतानाच विचारावे, की दुसरे बाळ आडवे झाले तर इथे कोण काय करील, रात्री भूलतज्ज्ञ आवारात असतात का, रक्त किती वेळात मिळते आणि अपुऱ्या दिवसांच्या दोन बाळांसाठी नवजात अतिदक्षता कक्षात जागा असेल का. उत्तरे समाधानकारक नसतील तर तिथे योनीमार्गाचा आग्रह धरू नये. तो मार्ग मनापासून हवा असल्यास बत्तिसाव्या आठवड्याच्या आत वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा तशा मोठ्या रुग्णालयात नाव घालावे, जिथे सरकारी संस्थेत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून साधी प्रसूती आणि सिझेरियन दोन्ही मोफत आहेत.