गायरानावरचा गोल्फ

बुलढाण्याकडच्या माणसाने गोल्फ पाहिलेला असतो तो टीव्हीवर. भर उन्हाळ्यात हिरवंगार गवत, मधोमध तळं, कडेने फवारे. येळगाव धरणाच्या पाण्यावर ज्या शहराची तहान भागते, तिथे हा खेळ म्हणजे पाण्याची उधळपट्टी वाटली तर नवल नाही.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान मात्र निराळं आहे. समुद्र आणि शेतं यांच्या मधला हा वाळूचा पट्टा. पीक येत नाही, पाणी साचत नाही, गवत आखूड आणि चिवट. वाऱ्याच्या आडोशाला मेंढ्या बसून जे खड्डे पडले त्यांचेच पुढे बंकर झाले, असं सांगतात. आज असे बंकर 112 आहेत. जमीन आपल्या गायरानासारखी, सगळ्या गावाची. इथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क 1552 च्या सनदेतच मान्य झालेला आहे. पुढे गायरानाचं जे होतं तेच इथेही झालं. नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन हातची गेली, व्यापाऱ्यांनी तिथे ससे पाळले. खेळणाऱ्यांनी ससे मारले आणि प्रकरण कोर्टात गेलं. 1821 मध्ये जेम्स चीप या गोल्फवेड्या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळ वाचवला आणि 1894 मध्ये जमीन पुन्हा गावाकडे आली. रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी तिथे लोक कुत्री घेऊन फिरतात.

मतभेद आहेत ते या मैदानाच्या ओबडधोबडपणावरून. 1946 मध्ये अमेरिकेचा गोल्फपटू सॅम स्नीड आगगाडीच्या खिडकीतून ते पाहून म्हणाला की हे तर कुणीतरी सोडून दिलेलं मैदान दिसतंय. त्याच आठवड्यात त्याने तिथे ब्रिटिश ओपन ही स्पर्धा जिंकली. अमेरिकेचाच बॉबी जोन्स 1921 मध्ये अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि चिडून त्याने स्पर्धाच सोडली. 1927 मध्ये तो तिथेच जिंकला आणि पुढे त्या जागेच्या प्रेमातच पडला. उत्तम फटका न दिसणाऱ्या उंचवट्यावर आपटून खड्ड्यात जावा, हा अन्याय आहे, असं तक्रार करणारे म्हणतात. मला ती तक्रार पटत नाही. उसळी आणि वारा वगळायचा तर मग उघड्यावर खेळायचं कशाला?

आता तिथेही फवारे आहेत, हे सांगायला हवं.

आपली काळी माती तिथल्या वाळूच्या अगदी उलट. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात बुटाला चिकटते. तिच्यावर स्कॉटलंडची नक्कल जमणार नाही. पण भारतातल्या कोरड्या छावण्यांमध्ये गोरे आणि देशी फौजी वाळूत तेल कालवून, ती दाबून सपाट केलेल्या ‘ब्राऊन’वर गोल्फ खेळले आहेत. गवत नाही, पाणी नाही. टँकरने जगवलेल्या हिरवळीपेक्षा सेंट अँड्र्यूजशी खरं नातं या तेलकट वाळूचं आहे.