विजयेची उशिरा झालेली परीक्षा

लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारले. नौली ही पोटाचे स्नायू घुसळण्याची योगक्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी त्याच सुमारास दाबमापक लावून दाखवले. परंपरा सांगते म्हणून मान डोलवायची नाही आणि परंपरेचे म्हणून उडवूनही लावायचे नाही, ही त्यांची रीत.

आयुर्वेदातल्या विजयेच्या, म्हणजे भांगेच्या, वाट्याला अशी परीक्षा फार उशिरा आली. कोलकात्यात डॉक्टर ओ'शॉनेसी यांनी १८३९ मध्ये संधिवाताच्या आणि धनुर्वाताच्या रुग्णांवरचे तिचे प्रयोग मांडले. दुखणे थांबते ते कसे, हे कळायला मात्र दीडशे वर्षे गेली. १९६४ मध्ये इस्रायलात मेकूलम आणि गाओनी यांनी टीएचसीची, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या द्रव्याची, रचना उलगडली. १९८८ मध्ये अमेरिकेत ते द्रव्य मेंदूत ज्यावर बसते तो सीबी-१ ग्राहक सापडला; १९९३ मध्ये दुसरा ग्राहक, सीबी-२.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९९२ चा शोध: या ग्राहकांवर बसणारे द्रव्य शरीर स्वतःच बनवते. त्याचे नाव आनंदामाइड. १९९५ मध्ये २-एजी हे त्याचे भावंडही सापडले. मावळात आषाढात दिवसभर ओणवे राहून इंद्रायणी भाताची लावणी केली की कंबर ठणकते. हा ठणका मज्जारज्जूत एका पेशीकडून दुसरीकडे पोचतो. तेव्हा संदेश घेणारी पेशी आपल्या पटलातल्या स्निग्धांशातून गरजेपुरते २-एजी बनवते. ते उलट्या वाटेने संदेश देणाऱ्या पेशीकडे जाते, तिच्या सीबी-१ वर बसते आणि कॅल्शियमची आवक रोखते. संदेश मंदावतो. सीबी-२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो. तो चेतला की सूज वाढवणारी रसायने कमी सुटतात.

आनंदामाइडचे तुकडे करणारे विकर, फाह, तेच औषधाने अडवून वेदना कमी केली तर? तर्क चोख होता. पण जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात अशा औषधाच्या चाचणीत एक निरोगी स्वयंसेवक दगावला. नुसता तर्क पुरत नाही तो असा. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये वेदनेवर कॅनाबिनॉइडच्या, म्हणजे भांगेतल्या अशा द्रव्यांच्या, सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही; पुरावा तेवढा नाही.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा-चरस बंद केले, पण नुसती पाने वगळली. म्हणून विजयेच्या पानांची आयुर्वेदिक औषधे आज परवान्याने विकली जातात. गुडघेदुखीवर ती घ्यायची असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर नक्कीच. भांगेतल्याच सीबीडी या द्रव्यामुळे त्या गोळीचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो.