हप्ता थकला, मशीन उचललं: कायदा कोणाच्या बाजूने?

हरिहरेश्वरला खानावळ किंवा होमस्टे काढायचा म्हटलं की डीप फ्रीझर, जनरेटर, टेम्पो लागतोच. रोख नसते, म्हणून आपण ते हप्त्याने घेतो. पावसाळ्यात पर्यटक रोडावतात, हप्ता मात्र थांबत नाही.

मग त्या वस्तूचा मालक कोण? हायर-पर्चेस करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत फायनान्स कंपनीच! 2020 मध्ये मॅग्मा फिनकॉर्प प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. त्या ग्राहकाने सातच हप्ते भरले होते, जीप गेली. नीट नोटीस दिली नाही म्हणून कंपनीला भुर्दंड बसला, पण फक्त 15,000 रुपयांचा.

म्हणून दादागिरी चालते असं नाही. गुंड पाठवून वसुली नको, हे कोर्टाने 2007 मध्येच आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात बजावलंय. एनबीएफसीच्या करारात नोटिशीची मुदत, ताब्याची पद्धत आणि विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी लिहिलेली हवी, असं रिझर्व्ह बँक सांगते.

म्हणून लक्षात ठेवा:

1. सहीआधी ही कलमं वाचा, कराराची प्रत घ्या.
2. हप्ते सीझनप्रमाणे बांधून मागा.
3. हप्ता थकेल असं दिसलं की आधीच लेखी कळवा.
4. उचलायला आले तर भांडू नका. ओळखपत्र, नोटीस मागा, फोटो काढा, पावती घ्या. जबरदस्ती झाली तर पोलीस स्टेशन गाठा.

मशीन परत मिळवण्यापेक्षा करार वाचणं स्वस्त पडतं!