नेम चुकतो कुठे?

मैत्रिणींनो, आपल्या नाशकात हल्ली एखाद्या मुलीच्या खांद्याला लांबलचक पेटी लटकलेली दिसली, तर ती सतार असेल असं समजू नका हं! तिच्यात रायफलही असू शकते. कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्यानं कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या घरांतूनही रेंजचं नाव निघू लागलं आहे.

माझी लेक त्याच्या आधीपासूनच रेंजवर जाते. पहिलं वर्ष छान गेलं, मग गाडी अडली. गुण काही वाढेनात. रोज संध्याकाळी चेहरा पाडून घरी यायची. एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, माझी रायफल कामातून गेलीय. नवी हवी, परदेशी बनावटीची." किंमत अडीच लाख! माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली. हे म्हणाले, "मोडू या एफडी." ती एफडी तिच्याच पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली.

मी म्हटलं, "जरा थांबा. चकली तुटायला लागली की आपण लगेच सोऱ्या बदलतो का? आधी मोहन बघतो, पाणी बघतो, भाजणी बघतो. सोऱ्याची पाळी शेवटी."

तुमच्याही घरी असा हट्ट आज ना उद्या निघेल, म्हणून आम्ही काय काय पाहिलं ते सांगते.

आधी घोळका, मग नेम

एअर रायफलचं लक्ष्य दहा मीटरवर असतं. त्यातला दहा गुणांचा ठिपका केवढा ठाऊक आहे? अर्धा मिलिमीटर! आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. स्पर्धेत असे ६० नेम मारायचे, आणि एका नेमाला जास्तीत जास्त गुण १०.९. म्हणजे आपल्या मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक हिशेब. तिथं केसभर चूकही लपत नाही.

सरांनी लेकीला पहिल्यांदा एकच काम दिलं. साइटला हात न लावता पाच छर्रे मारायचे आणि कागद बघायचा. पाचही एकमेकांना चिकटून, पण मध्यापासून बाजूला पडले असतील, तर आनंद माना. रायफल आणि हात दोन्ही ठीक आहेत, साइट तेवढी फिरवायची. छर्रा उजवीकडे न्यायचा तर मागची साइटही उजवीकडे. पण पाच छर्रे पाच दिशांना गेले असतील, तर साइट कितीही फिरवा, उपयोग शून्य. बहुतेक मुलं नेमकी इथंच फसतात. एक नेम चुकला की दोन क्लिक इकडे, दुसरा चुकला की तीन क्लिक तिकडे. शेवटी मूळ जागा कुठली होती, तेच आठवत नाही.

लेकीचे छर्रे विखुरलेले होते. म्हणजे शोध पुढे न्यायला हवा होता.

रायफलीची तपासणी

ही तपासणी शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायची. घरी पेचकस घेऊन बसू नका. आमचे हे सातपूरला टूलरूममध्ये, त्यांचे हात शिवशिवत होते, पण मी पेटी रेंजवरच उघडायला लावली.

पहिलं, स्क्रू. नळीचा भाग दस्त्याला ज्या स्क्रूंनी बसवलेला असतो ते, आणि साइटचे. एक जरी सैल असला तरी घोळका फुटतो. ते कंपनीनं सांगितलेल्या मापानंच आवळायचे, अंदाजानं नव्हे.

दुसरं, छर्रे. ते सगळे सारखे दिसले तरी सारखे नसतात. डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असं वेगवेगळं येतं, आणि एका नळीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही. शिसं मऊ असतं. डबा हातातून पडला की छर्ऱ्यांच्या कडा चेपतात.

तिसरं, पुढच्या साइटमधलं कडं. लक्ष्याचा काळा गोल आणि ते कडं यांच्यामध्ये पांढरी फट स्वच्छ दिसायला हवी. कडं फार लहान घेतलं तर नेम बारीक साधेल असं वाटतं खरं, पण डोळा मात्र लवकर थकतो.

चौथं, हवेचा सिलिंडर. त्याच्यावर तारीख कोरलेली असते. बहुतेक कंपन्या त्याला दहा वर्षांची मुदत देतात. जुनी रायफल विकत घेताना ही तारीख आधी वाचा.

आणि सगळ्यात मोठा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशामुळे आला ते कळणार कसं?

मग सरांनी रायफल वाइसमध्ये घट्ट आवळली, कारखान्यात असतो तसा. नेहमीच्या डब्यातले दहा छर्रे मारले, ते थोडे पसरले. दुसऱ्या मापाच्या डब्यातले दहा मारले, तर ते जवळजवळ एकाच भोकात! रायफल निर्दोष सुटली. अडीच लाखांचं काम छर्ऱ्यांच्या डब्यावर निभावलं.

आणि उरलेली चूक?

पण गुण थोडेच वाढले. सर म्हणाले, "आता नेमबाजाकडे बघू."

उभं राहताना रायफलीचं वजन दंडावर नको, हाडांवर हवं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं. नेम धरून डोळे क्षणभर मिटायचे, उघडायचे. नळी लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर हातानं ओढायची नाही, पावलं किंचित हलवायची. श्वास अर्धा सोडून थांबवायचा आणि सात-आठ सेकंदांत चाप हलकेच दाबायचा. तेवढ्यात जमलं नाही, तर रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात. चाप सुटल्यावरही क्षणभर तसंच स्थिर राहायचं.

लेक इथंच चुकत होती. रायफल खाली घ्यायचीच नाही. दहा-बारा सेकंद ताणून धरायची, हात थरथरला की घाईनं चाप ओढायची. सरांनी विचारलं, "खाली का घेत नाहीस?" तर म्हणाली, "एकही नऊ नको असतो, सर. घरी गेलं की आई विचारते, आज किती पडले?"

मी शेजारीच उभी होते. काय बोलावं सुचेना.

आपल्या नाशकातच भीष्मराज बाम होते. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, २०१७ साली गेले. योगाच्या आधारानं खेळाडूंना मन एकाग्र करायला त्यांनी आयुष्यभर शिकवलं. त्यांचं नाव मी कितीदा तरी अभिमानानं घेतलं होतं, पण मुलीचं मन विचलित करणारं माणूस घरातच आहे हे मला उमगलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी गुण विचारणं सोडलं. आता विचारते, "आज किती वेळा रायफल खाली घेतलीस?" सुरुवातीला हसली. पुढे वहीत तेही लिहू लागली. हळूहळू छर्ऱ्यांचा घोळका आवळत आला. पदकं अजून लांब आहेत, पण संध्याकाळी चेहरा पडलेला नसतो. एफडीही जागेवर आहे.

घरी एवढं पाळा

छर्रे शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू देऊ नका. डबा आणि छर्रे एका पिशवीत नकोत. कपडे आल्या आल्या बदलावेत. रायफल कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात. रिकामी असली तरी नळी माणसाकडे कधीही वळवायची नाही. आणि .२२ची रायफल घ्यायची तर परवाना लागतो, हे विसरू नका.

जाता जाता एक. हा खेळ फक्त मुलांचाच आहे असं समजू नका. अंजली वेदपाठकची अंजली भागवत झाली, त्यानंतर २००२ साली म्युनिकला ती ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली आणि पहिलं ऑलिंपिक खेळली ती २०२१ साली टोकियोत, वयाच्या चाळिशीत! स्वप्नीलला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या.

परवा लेकीनंच मला रायफल धरायला लावली. पहिला छर्रा कागदाला लागलाच नाही. लेकीनं मात्र किती पडले ते विचारलं नाही!